बिशपचे खारट अश्रू

"रडला! रडला!" आरोळी उठली आणि किल्ल्यातलं अख्खं चॅपल गुडघ्यांवर आलं. बिशपच्या दगडी पुतळ्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं. तिथला धर्मोपदेशक ब्रदर एल्मर व्यासपीठामागे हात पसरून उभा होता. ही १९८६ सालची गोष्ट. आमच्या आयसेलिन गावाहून आम्ही मराठी मंडळी दोन गाड्या भरून पेनसिल्व्हेनियातल्या त्या आडगावी गेलो होतो.

किल्ला मात्र अस्सल होता. युरोपातल्या मध्ययुगीन बिशपचा हा किल्ला एका गिरणीमालकानं दगड न् दगड जहाजानं आणून इथं उभारला होता. गावच्या लायब्ररीत मी त्याचा इतिहास वाचला. बिशपनं मिठावर कर बसवून किल्ला बांधला आणि कर न देणाऱ्यांना तळघरात सडवलं. एल्मर सांगायचा तो बिशप वेगळाच.

"हा दयाळू बिशप गरिबांसाठी रडत मेला! चाखून बघा, खरे अश्रू आहेत, खारट! श्रद्धा असेल त्याला गोळ्या कशाला?"

अमेरिकन माणसं ते पाणी बोटानं कपाळाला लावत. आमच्या शोभाकाकूंनी पाच-सहा मोठ्या बाटल्या भरून घेतल्या, देवघरात ठेवल्या आणि तीर्थ म्हणून त्र्यंबककाकांना सकाळ-संध्याकाळ पेलाभर पाजू लागल्या. काकांचं हृदय अधू, मीठ वर्ज्य. काकूंचं पथ्य इतकं कडक की लोणच्याची बरणीसुद्धा त्यांनी शेजारी देऊन टाकली होती.

"काकू, त्यात सॉल्ट आहे," मी म्हणालो.

"तीर्थाला कसलं आलंय पथ्य? तुझं आपलं काहीतरीच, विनय!"

काकांचे पाय सुजले. काकूंनी गोळ्या बंद करून तीर्थ वाढवलं. मला संताप येत होता, पण ऐकतंय कोण? एका सकाळी काकांना श्वास घेता येईना.

त्यांना नेलं त्या हॉस्पिटलात काकूंची भाची सुलेखा डॉक्टर होती. बाटलीतला थेंब जिभेवर ठेवताच तिचा चेहरा उतरला. "मावशी, हे रोज देत होतीस? सॉल्टनं बॉडीत पाणी साठलंय गं. हार्टवर केवढा लोड!"

काका घरी परतले नाहीत.

सुलेखा आणि मी पोलिसांना घेऊन किल्ल्यात गेलो. पुतळ्यामागची फळी काढली. रबरी नळी डोळ्यांपासून माळ्यावरच्या पिंपापर्यंत गेलेली. नळीचा चाप उघडायला व्यासपीठाखाली पायानं दाबायची पट्टी. शेजारी मिठाची पोती.

"मीठ कशाला?" सुलेखानं विचारलं.

"साधं पाणी असतं तर लोक म्हणाले असते छप्पर गळतंय," एल्मर म्हणाला. "आणि पेलाभर प्या असं मी कुणाला सांगितलं नव्हतं."

घरी येऊन आम्ही सगळं सांगितलं. काकूंनी देवघरातली शेवटची रिकामी बाटली उचलून माझ्यापुढे धरली.

"अरे, मी त्यांच्या वरणात कणभर मीठ पडू दिलं नाही रे कधी."

ते वाक्य आठवून आजही गलबलून येतं. काकूंच्या मायेत खोट नव्हती, त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला नाही. तो तुम्ही विचारा. पाण्याला तीर्थ म्हटलं तरी त्यातलं मीठ मीठच राहतं. ओठांना लावण्याआधी विचारा, हे आलं कुठून?