पटांगणातल्या दिशा

पटांगणात दिशांची आकृती रंगवायची ही कल्पना हेडसरांची होती, त्यामुळे ती उत्तमच होती, हे वेगळं सांगायला नको. पेंटर आला. त्याने भूगोलाच्या पुस्तकातलं चित्र हातात धरलं, फाटकाकडे पाठ करून उभा राहिला, आणि चित्रात उत्तर वरच्या अंगाला आहे म्हणजे ती आपल्या समोर असणार, असा साधा सरळ विचार केला. समोर हेडसरांची खोली होती. दुपारपर्यंत एक भला मोठा लाल बाण तिच्या दाराकडे रोखला गेला आणि त्याच्या टोकाशी 'उत्तर' लिहून झालं. आपल्या दाराशी येऊन थांबणारी दिशा हेडसरांना इतकी आवडली की त्यांनी पेंटरला दोनदा चहा पाजला.

खरी उत्तर बिचारी मागे फाटकापलीकडे, सायकलवाल्याच्या दुकानाकडे राहिली.

ही गोष्ट भूगोलाच्या बाईंच्या ध्यानात आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. सूर्य पाण्याच्या टाकीमागून वर येत होता आणि टाकीच्या बाजूला ठसठशीत अक्षरं होती, 'पश्चिम'. आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं, असं लोक एकमेकांना चिडवायला म्हणतात. या शाळेत ते रोजचं झालं.

बाई हेडसरांकडे गेल्या. जाताना बाणावर पाय पडणार नाही याची काळजी घेतली, रंग ओला होता.

"सर, आकृती उलटी झालीय."

"उलटी म्हणजे?"

"उत्तर तिकडे फाटकाला हवी. तुमची खोली दक्षिणेला आहे."

हेडसरांनी चष्मा काढून पुसला. मतभेद ऐकून घ्यायची त्यांची हीच पद्धत होती. "बाई, पुढच्या आठवड्यात तपासणीला साहेब येताहेत. तुमच्या कायम होण्याच्या अर्जावर तेच सही करणार. सातवीचा आदर्श पाठ तुम्ही या आकृतीवर घ्यायचा. आता तुम्हीच ठरवा, दिशा पक्क्या करायच्या की नोकरी."

बाईंचं हे सहावं वर्ष होतं. दर वर्षी अकरा महिन्यांची नेमणूक, मग एक महिना घरी बसून दादाच्या मुलांचे अभ्यास घ्यायचे आणि वहिनीच्या तोंडून 'तुमचं काय बाई, सुट्टीच सुट्टी' हे ऐकायचं. पक्की नोकरी लागली की वेगळी खोली घ्यायची, हे बाईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं. पृथ्वी कुठल्या बाजूने फिरते याचं त्या खोलीला काही देणंघेणं नव्हतं.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. बाईंनी पाठ टाचण लिहायला घेतलं आणि वेळेच्या रकान्यात 'दुपारी बारा' असं घातलं. सूर्य डोक्यावर असला की तो कुठून आला हे कुणी विचारत नाही. मुलांकडून चार दिवस घोकून घेतलं: आकृतीवर उभं राहायचं, बाण बघायचा, बाण सांगेल ती दिशा. इकडेतिकडे बघायचं नाही.

"वर पण बघायचं नाही का?" शंकाताईने विचारलं. पहिल्या बाकावरची ही मुलगी. प्रश्न विचारून विचारून हे नाव तिने शिक्षकांच्या खोलीत कमावलं होतं. बाईंची ती लाडकी होती. सातवीत भूगोल आवडणारं पोर दहा वर्षांत एकदा भेटतं.

"आपण शाळेच्या आकृतीवर दिशा शिकतोय," बाई म्हणाल्या. "बस."

तपासणीच्या दिवशी साहेबांना दुपारी दुसऱ्या शाळेत जेवायचं होतं. म्हणून ते सकाळी आठलाच उगवले, आणि सूर्यही त्यांच्या बरोबरीने टाकीवर येऊन बसला. पण पटांगणात बेचाळीस मुलं उभी राहिली होती, हेडसर हात मागे बांधून हसत होते, आता माघार कसली?

साहेबांनी स्वतःच आज्ञा सोडली. "मुलांनो, तोंड पूर्वेकडे करा!"

एक्केचाळीस मुलांनी खाली बाण पाहिला आणि शिस्तीत सूर्याकडे पाठ फिरवली. त्यांच्या लांबलचक सावल्या समोर 'पूर्व' या अक्षरांवर पडल्या. इतकी एकजूट त्या वर्गाने आजवर फक्त डबा खाताना दाखवली होती.

शंकाताई तेवढी टाकीकडे तोंड करून उभी होती, डोळे बारीक करून, कपाळावर हात धरून.

साहेबांनी एकवार खाली रंग पाहिला. वर पाहायची त्यांना सवय नसावी. खात्यात इतकी वर्षं काढली होती. "ही उलटी का उभी आहे? बाई, चुकतंय कुणाचं?"

शंकाताईने मान वळवून बाईंकडे पाहिलं. ती घाबरलेली नव्हती. बाई आहेत ना, आता सांगतील, अशा भरवशाने पाहत होती.

"तिचं, साहेब," बाई म्हणाल्या. "जरा गोंधळते ती. वळ गं. सगळे बघ कसे उभे आहेत."

मुलगी वळली. साहेबांनी शेरा लिहिला, 'दिशाज्ञान समाधानकारक', आणि त्याच पेनाने अर्जावर सही केली.

पंधरा दिवसांनी पक्कं पत्र आलं. वहिनीने पेढ्यांऐवजी उपदेश वाटला, दादाने खोली बघायला सुरुवात केली. बाईंना मात्र त्या मुलीची मान वळलेली दिसत राहिली. लाज वाटत होती, दुसरा शब्द नाही. जेवताना वाटायची, वह्या तपासताना तर फारच.

शेवटी सोमवारी त्यांनी सातवीच्या वर्गात पुस्तक मिटून ठेवलं. नोकरी पक्की झाल्यावर खरं बोलायला फारसं धाडस लागत नाही, हे त्यांनाही कळत होतं. तरी बोलल्या.

"मुलांनो, लिहून घ्या. पटांगणातली आकृती चुकीची आहे. टाकीची बाजू पूर्व. फाटकाची बाजू उत्तर. बाण काहीही सांगो."

एक्केचाळीस माना खाली गेल्या. जितक्या निमूटपणे त्यांनी पहिल्या दिशा घेतल्या होत्या, तितक्याच निमूटपणे या घेतल्या. एकानेही 'का' म्हणून विचारलं नाही.

शंकाताईची वही मिटलेली होती.

"तू का लिहीत नाहीस गं?" बाईंनी जवळ जाऊन हळूच विचारलं.

"मला माहीत होतं, बाई," ती म्हणाली. "तुम्हाला पण माहीत होतं."

तास संपायला अजून बावीस मिनिटं होती.