बाबा, खाली बघू नका

बसा त्या पायरीवर. लिफ्ट चालू व्हायला अजून दहा मिनिटं आहेत, घाई असेल तर जिना आहेच. थांबणार असाल तर मी सिनेमात कसा गेलो ते सांगतो.

हसताय काय? खरंच गेलो. सत्तावीस वर्षं लिफ्टा दुरुस्त करतोय, शाळा सातवीत सुटली, फोटोत उभं राहायचं म्हटलं तरी माझी मान अवघडते. पण पोरगी सिनेमाचं शिकते. त्यांच्या सरांनी काम दिलेलं, थ्रिलरची फक्त सुरुवात करायची. दोन मिनिटं. पुढची गोष्ट नाहीच. वर एक कागद लिहायचा, हा सिनेमा बघणार कोण आणि त्यांच्यापर्यंत पोचवणार कसा. पोरीनं लिहिलं, "सगळे बघतील." सरांनी त्यावर लाल रेघ मारली. म्हणाले, "सगळे म्हणजे कुणीच नाही. शुक्रवारपर्यंत नीट लिही, नाहीतर वर्ष गेलं समज."

गोष्ट तिनं लिफ्टचीच घेतली. घरात दुसरं ऐकलंय काय तिनं? एक माणूस फोनवर बोलत येतो, लिफ्टच्या दाराचं हँडल ओढतो. दार उघडतं. आत केबिन नाही, नुसता अंधार. त्याचं लक्ष नाही. पाय उचलतो. बस, तिथंच संपलं.

काम करणारा तिचा मित्र ऐन वेळी तापानं पडला. पोरगी म्हणाली, "बाबा, तुम्हीच करा. तुमचे हात खरे दिसतात."

मी जागा बघून दिली. जुनी इमारत, हातानं ओढायच्या दारांची लिफ्ट. मॅनेजरनं बारापर्यंत बंद ठेवू दिली. दाराचं लॉक मी सोडवलं. केबिन अशी खाली घेतली की तिचं छत उंबऱ्यापासून वीतभरच खाली राहील, म्हणजे पाय पडलाच तर छतावर पडेल. छतावर काळं कापड टाकलं. मेन स्विच बंद केला, दोनदा बघून आलो. सगळं चोख.

मी हँडल ओढलं आणि खाली बघितलं.

"बाबा, खाली बघू नका ना. त्या माणसाला माहीत नाहीये."

परत केलं. परत बघितलं. तिसऱ्यांदा नाही बघितलं, पण बुटानं उंबरा चाचपला. कॅमेऱ्यावरची तिची मैत्रीण, जाड चष्मा, म्हणाली, "काका, तुम्ही लिफ्टमध्ये चाललाय की थंड पाण्यात?"

चौथ्या वेळी पोरगी ओरडली, "हा बोर्ड कुणी लावला?"

मीच लावलेला. "काम चालू आहे". कधी लावला ते मलाही कळलं नाही. तिनं काढून जिन्यात ठेवला. मी उचलून परत लावला. तिनं परत काढला.

"बोर्डाला हात लावू नकोस," मी म्हणालो. आवाज चढला माझा. तिच्यावर असा कधी चढवत नाही.

वरून एक म्हातारी विचारायला लागली, "लिफ्ट कधी सुरू व्हायची हो?" साडेअकरा झालेले. पोरीचे ओठ पांढरे पडलेले. म्हणाली, "बाबा, दोन सेकंदांचं काम आहे."

केलं. फोन कानाला लावला, हँडल ओढलं, खाली बघितलं नाही, पाय उचलला. आणि तो पाय खाली येईना. हातानं चौकट धरली ती सुटेना. शेवटी बघितलंच खाली. वीतभरावर छत आहे हे मला ठाऊक, मीच आणलेलं. पण मला चार मजले दिसले.

"नाही जमत," मी म्हणालो.

मग जिन्यात बसून सांगितलं. तिची आई सोडून कुणाला सांगितलं नव्हतं. माझा जोडीदार होता. बॅटरी कायम तोंडात धरून काम करायचा, म्हणून आम्ही त्याला बॅटरीच म्हणायचो. बारा वर्षं झाली. तो वर मशीनच्या खोलीत, मी चौथ्या मजल्यावर लॉक काढत होतो. आमच्याकडे बोर्ड एकच, तो माझ्या दाराला लावलेला. स्प्रिंग आणायला खाली चाललोच होतो, म्हटलं तळाच्या दाराला लावावा, तिथं माणसं जास्त. घेऊन गेलो. तो वरचं संपवून जिन्यानं उतरला. बोर्ड दिसला नाही, म्हणजे माझं झालं असं समजला. फोनवर बोलत होता, तसंच दार ओढलं आणि पाय टाकला.

पोरगी उठली. बोर्ड उचलून तिनंच दाराला लावला.

चष्मेवालीनं कॅमेरा बंदच केला नव्हता म्हणे. मी चौकट धरलेली, पाय अधांतरी, डोळे खाली. पोरीनं तेच ठेवलं. पण म्हणाली, "आधी बॅटरीकाकांच्या घरी, काकूंना दाखवायचं. त्या नको म्हणाल्या तर मी जमा करणार नाही."

"वर्ष जाईल तुझं."

"जाऊ दे."

गुरुवारी गेलो वहिनींकडे, बॅटरीच्या बायकोकडे. बारा वर्षांत त्यांच्याकडे शंभर वेळा गेलो असेन, नळ दुरुस्त केला, पंखा बसवला, एवढं एक सोडून सगळं बोललो. आधी बोर्डाचं सांगितलं. मग फोन पुढं केला. त्यांनी दोन मिनिटं बघितलं. परत पहिल्यापासून लावायला सांगितलं.

मला वाटलं, आता दार दाखवतील.

म्हणाल्या, "फोनवर मीच होते, भावजी. येताना साबण आणा, एवढंच सांगायचं होतं. तुम्ही सगळ्यांनी बोर्डाचं विचारलं असेल एकमेकांना. फोनवर कोण होतं, ते मला कुणी विचारलं नाही."

त्यांनी पदरानं फोनची काच पुसली आणि पोरीच्या हातात दिला. "दाखव," म्हणाल्या. "लिफ्टपाशीच दाखव."

पोरीनं रात्री कागदावर तेच लिहिलं. बघणार कोण, तर लिफ्टची वाट बघत उभे असतात ते. पोचवणार कसा, तर बाबा. माझ्याकडे एकतीस इमारती आहेत. सर्व्हिसिंगला जातो तिथं मॅनेजरला विचारून बटणाशेजारी कागद चिकटवतो. बॅटरी गेला त्या चौथ्या मजल्यावरचा पहिला कागद वहिनींनी चिकटवला. जरा तिरका बसलाय. मी सरळ केला नाही.

पोरगी पास झाली, ते राहिलंच सांगायचं.

हा बघा, तुमच्या डाव्या हाताला, काळ्या ठिपक्यांचा चौकोन. फोन समोर धरला की पोरीचा सिनेमा सुरू होतो. वर घरी जाऊन निवांत बघा, घाई नाही. आली तुमची लिफ्ट. आता फोन खिशात ठेवा. आणि माझ्यासाठी एवढं करा, दार उघडलं की आधी खाली बघा, मग पाऊल टाका.