दुसऱ्या कडव्याआधी

सोमणांनी ‘मूळ गायिका : शांती ठाकूर’ ही ओळ तिसऱ्यांदा पुसली आणि तिच्या जागी आपली जुनी ओळ परत ठेवली : ‘या गाण्याची एक आवृत्ती १९८६ साली शांती ठाकूर यांच्या आवाजात कॅसेटवर निघाली. ध्वनिमुद्रण सदोष.’ मग त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसत बसले.

“पुसलंत पुन्हा तिला?” विनिताबाईंनी मटार सोलता सोलता विचारलं.

“तिला नाही. ओळ पुसली.”

“कोण कुठली बाई, आणि तुम्ही तिच्या पाठी लागलाय.”

सोमणांची छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासण्यात गेली. दुसऱ्यांची हजारो वाक्यं सुधारली. स्वतःचं असं एकही वाक्य छापून आलं नाही. निवृत्तीनंतर नवीन पनवेलच्या या खोलीत बसून ते आंतरजालावरच्या मराठी ज्ञानकोशातल्या गाण्यांच्या नोंदी तपासत. तिथे नावानिशी लिहावं लागत नाही, हे त्यांना बरं वाटे.

गेल्या आठवड्यात मात्र नाशिकहून पद्मजाबाईंचा फोन आला होता. कोशाच्या संगीत विभागाचं काम त्या पाहत.

“सोमण, एकाच गाण्याच्या दहा जणांनी गायलेल्या आवृत्त्यांनी नुसता गोंधळ मांडलाय. प्रत्येकाला आपलं वेगळं पान हवं. तुम्ही धोरण लिहा.”

“मी?”

“तुम्हीच. रविवारपर्यंत. आणि ते ‘संदर्भ हवा’ प्रकरणही निकालात काढा. काही वाक्यांना ती शेपटी लावून बारा बारा वर्षं झाली. ना कुणी संदर्भ देत, ना कुणी पुसत. यापुढे बिनसंदर्भ ओळ दिसली की सरळ पुसायची.”

सोमणांनी होकार दिला आणि मसुदाही लिहिला. पहिलं ध्वनिमुद्रण ते मूळ. त्याची नोंद सविस्तर. नंतर गाणाऱ्यांना त्याच नोंदीत तळाशी एकेक ओळ. नमुना म्हणून त्यांनी ‘सांज थांबली बंदरी’ हे गाणं घेतलं होतं. सत्यवती नाडकर्णींनी ते १९७९ साली गायलं. पुढे कॅसेटच्या दिवसांत शांती ठाकूर नावाच्या कुणी गायलं, आणि यंदा आभा नावाच्या मुलीने नव्या वाद्यांवर गाऊन ते घराघरांत नेलं. सगळं नीट बसत होतं. फक्त कुणीतरी अनामिक येऊन ती ओळ बदलत होतं.

आज त्या अनामिकाने चर्चापानावर निरोप ठेवला होता.

‘सारखं पुसताय, पण एकदा तरी नीट ऐकलंय का? आई अजून आहे. बेलपाड्याला या. देवळासमोर झेरॉक्सचं दुकान. – किशोरी.’

ऐकलं होतं त्यांनी. रद्दीवाल्याकडून आणलेली ती कॅसेट त्यांनी तीन वेळा ऐकली होती. दुसऱ्या कडव्याआधी जिथे बासरी हवी, तिथे टेप घसरल्यासारखा बारीक किरकिरा आवाज येतो, मग ती बाई शब्दांवाचून काही गुणगुणते, मग कडवं. म्हणून तर ‘सदोष’.

शेजारी विनिताबाई मटार सोलत स्वतःशीच गुणगुणू लागल्या. सोमणांचा हात थबकला.

“हे काय म्हणताय?”

“अहो, तेच बंदराचं, त्या आभाचं. रुचिराच्या मोबाइलवर दिवसभर चालू असतं, आपल्या नातीला दुसरं काही सुचतच नाही. तुम्हाला आवडत नसेल, पण मधला हा तुकडा गोड आहे.”

कॅसेटमधलंच ते गुणगुणणं. सत्यवतीबाईंच्या ध्वनिमुद्रिकेत हा तुकडा नव्हता. तिथे बासरी होती.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी सोमण बेलपाड्याच्या गल्लीत शिरले. मागे खारघरचे उंच मनोरे उन्हात विरघळल्यासारखे दिसत होते आणि गल्लीत सुकत घातलेल्या जवळ्याचा वास होता. परत जावं, असं त्यांना दोनदा वाटलं. दुकानात चाळिशीकडे झुकलेली एक बाई कुणाच्या तरी आधार कार्डाला प्लास्टिक चढवत होती.

“मी… ते कोशातलं… तुम्ही लिहिलं होतं…”

तिने वर पाहिलं. “तुम्हीच का ते पुसणारे?”

“हो. म्हणजे, मीच.”

“अरे देवा! मला वाटलं, पंचविशीतला कुणी शहाणा असेल, त्याला चार शब्द ऐकवू. आता तुमच्याशी भांडायचं कसं, काका? चला, आत चला.”

मागच्या ओट्यावर शांतीबाई सुपात जवळा निवडत होत्या. किशोरी त्यांच्या कानाशी वाकून ओरडली, “आये, हे बग कोन आलंय! तुजं नाव पुसनारे!”

“अगो, हलू बोल, गाव गोला होईल.” शांतीबाईंनी सोमणांकडे पाहून हात जोडले. “बरा केलाव पुसलंत. गानं सत्यवतीबाईंचं. मी नुसता म्हटला. बाईंच्या नखाची सर नाय मना. या पोरीला सांगून सांगून दमले.”

“कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही तिला आता,” किशोरी म्हणाली. “दोन वर्षं झाली. तुम्ही विचारा, मी सांगते.”

सोमणांना काय विचारायचं होतं ते नीट आठवेना. शेवटी म्हणाले, “बासरी का नाही?”

किशोरीने प्रश्न पोचवला. शांतीबाई खुदकन हसल्या.

“बासरीवाला आलाच नाय! फोटोवाल्याच्या मागच्या खोलीत गोधड्या टांगल्या व्हत्या, तितं गायचं. दुपारपरेंत आठ गानी. मास्तर बोलला, बासरी मागून घालू. आनि ही मांडीवर. सात मयन्यांची. घरी कोन नव्हता, मंग कुटं ठेवनार? पयलं कडवं झालं नि हिनं तोंड वाकडं केलं. म्हटलं, आता ही रडनार नि समदं बिगडनार. मंग गुनगुनले. माजी आय करायची तसं.”

“म्हणजे ते गाण्यातलं नव्हतं?” किशोरीने तेही कानाशी ओरडून पोचवलं.

“गान्यातलं कुटं? ते हिच्यासाटी व्हतं. मास्तरानं कपालाला हात लावला. पन बाराला दुसरी पार्टी यायची व्हती. तसंच ऱ्हायलं.”

“आणि तसंच सगळ्यांनी उचललं,” किशोरी म्हणाली. “पनवेल-उरणच्या कुठल्याही हळदीला जा. बेंजोवाले ते वाजवतातच. त्याच्याशिवाय हे गाणं असतं, हे इथे कुणाला माहीतच नाही. आता त्या आभानेही तेच घेतलंय. खाली नाव मात्र सत्यवतीबाईंचं. आणि तुमच्या कोशात आई सदोष.”

तिने कपाटातून टेपरेकॉर्डर काढला. शांतीबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि सवयीने आपला तळवा त्याच्या जाळीवर टेकवला. गाणं सुरू झालं. पहिलं कडवं संपलं. बासरीच्या रिकाम्या जागेत तो बारीक किरकिरा आवाज आला.

सोमणांनी डोळे मिटले. टेप घसरलेली नव्हती. कुणीतरी रडण्याच्या बेतात होतं. मग गुणगुणणं सुरू झालं आणि तो आवाज एकदा अडखळला, पुन्हा उठू पाहत होता, आणि थांबला.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा शांतीबाईंचा एक हात टेपवर होता आणि दुसरा स्वतःच्या मांडीवर हलके हलके थोपटत होता. दुसरं कडवं लागताच तो हात थांबला.

किशोरी दुकानातले कागद नीट लावत होती. त्यांच्याकडे न बघता ती म्हणाली, “याला तुम्ही दोष म्हणता, काका.”

*

बसमध्ये सोमणांना झोप लागली. खाडीवरचं ऊन खिडकीतून मांडीवर येऊन बसलं होतं आणि गाडीच्या घरघरीत कुणीतरी त्यांना थोपटत होतं. ते लहान होते, की ती खोली गोधड्यांची होती, काही कळत नव्हतं. कंडक्टरने हलवलं तेव्हा पनवेल मागे पडून पळस्पे फाटा आला होता.

“कुटं जायचंय, बाबा? गोव्याला?”

ते ओशाळून उतरले. फाट्यावर वाहनं खोळंबली होती. हळदीला निघालेला बेंजो पार्टीचा एक टेम्पो त्यांच्यासमोरच उभा होता. मागे बसलेला एक जण कंटाळून तारा छेडत होता. दोन-चार सूर इकडचे-तिकडचे, आणि मग तेच. सोमण ट्रकांच्या धुरात ऐकत उभे राहिले. खिशात फोन वाजत होता, तेही त्यांना उशिरा कळलं.

“झालं का धोरण?” पद्मजाबाई.

“मूळ हा शब्द गाळू या का?” ते म्हणाले, आणि आपणच दचकले. “कुणी कधी गायलं ते लिहावं. आणि प्रत्येकात काय वेगळं ऐकू येतं, ते. वरचा-खालचा न करता.”

“ऐकू येतं याला संदर्भ काय?”

“ध्वनिमुद्रणच. कान असलेल्या कुणालाही पडताळता येईल.”

“कानाला पृष्ठक्रमांक नसतो हो, सोमण.”

“नसतो,” ते म्हणाले. “माझं चुकतही असेल. पण या गाण्यात मी तीनदा ऐकून चुकलो, पद्मजाबाई. वाचून नव्हे.”

“ऐकू येतं तेवढंच लिहायचं. एक अक्षर जास्त नाही,” त्या अखेर म्हणाल्या. “आणि ते बिनसंदर्भ ओळींचं कलम तसंच ठेवा.”

“ठेवतो.”

घरी येऊन त्यांनी ‘सदोष’ पुसलं. नवी ओळ लिहायला त्यांना दिवेलागणीपर्यंत वेळ लागला. चार वेळा खोडून शेवटी राहिलं ते असं : ‘शांती ठाकूर यांच्या आवृत्तीत दुसऱ्या कडव्याआधी बासरी नाही. तिथे तान्ह्या बाळाची कुरकुर ऐकू येते. गायिका गुणगुणू लागते व कुरकुर थांबते. हे गुणगुणणे आभा यांच्या आवृत्तीतही आहे. बाळ नाही.’

*

सकाळी त्यांनी नोंद उघडली, तर कुणीतरी येऊन गेलं होतं. ‘मूळ गायिका’ परत आलेली नव्हती. त्यांच्या ओळींना कुणी हात लावला नव्हता. शेवटी फक्त दोन शब्द जोडलेले होते.

‘बाळ : किशोरी.’

पुरावा नव्हता. असणार तरी कुठून? काल रात्रीच मंजूर झालेलं कलम त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं होतं. सोमणांनी ते दोन शब्द निवडले. ते निळे झाले. बोट पुसण्याच्या कळीवर ठेवून ते बसून राहिले.

मग त्यांनी निवड सोडली, त्या ओळीच्या टोकाशी गेले आणि एकेक अक्षर दाबत लिहिलं : ‘संदर्भ हवा’. बदल जतन केला.

“पुसलंत पुन्हा?” आतून विनिताबाईंनी विचारलं.

“नाही. संदर्भ मागितलाय.”

“कधी देणार ती?”

सोमणांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसू लागले.

“घाई नाही,” ते म्हणाले.