लिव्हरचं पथ्य

वजनकाटा पंच्याण्णववर थांबला आणि माझं डोकंच फिरलं.

"धर्मराजभाऊ, तीन महिन्यांपूर्वी तुम्ही एकोणनव्वद होतात!"

"मी बोलले ना, अंगात ताकद आली," त्यांच्या बायकोनं, मालतीबाईंनी, कौतुकानं सांगितलं. धर्मराजभाऊ चपला काढून काट्यावर उभे होते, पास झालेल्या मुलासारखे खूश.

नेरूळला दवाखाना टाकून मला तेव्हा आठ वर्षं झाली होती. साल सत्त्याण्णव. शेजारच्या शिरवणे गावातली निम्मी घरं माझ्याकडे येत. त्यातलेच हे धर्मराज घरत. भातशेती होती तोवर गुडघाभर चिखलात राबलेला माणूस. पुढे जमीन शहरासाठी गेली, उरल्या जागेवर भाडेकरूंची बिल्डिंग उठली आणि हे खुर्चीत बसले ते बसलेच. ताटातला भाताचा ढीग मात्र शेतावर जायच्या दिवसांतलाच राहिला.

तीन महिन्यांपूर्वी त्यांचं पोट जड झालं म्हणून मी सोनोग्राफीला पाठवलं. लिव्हरवर चरबी निघाली, रक्तातले आकडेही वाढलेले. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरनं सगळ्यांदेखत विचारलं, "रोज किती घेता?" धर्मराजभाऊ तिथून तडक माझ्याकडे आले होते. या माणसानं आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. हळदीच्या रात्री अख्खा मांडव झिंगलेला असतो, तेव्हा हे एकटे चहा पीत बसतात. त्यांना धास्ती होती ती वेगळीच. थोरला भाऊ पोपट चार वर्षांपूर्वी पोटात पाणी होऊन, रक्ताच्या उलट्या करून गेला होता. तोही पीत नाही म्हणायचा. गावानं ठरवून टाकलं, चोरून पीत होता. आता तोच शिक्का आपल्यावर बसणार, ही ती धास्ती.

न पिणाऱ्याच्या लिव्हरवरही चरबी चढते, हे तेव्हा आमच्यातलेच कितीतरी डॉक्टर मानत नसत. मी वाचलं होतं, मला ठाऊक होतं. मी त्यांना समजावलं, धीर दिला. वेळीच आवरलं तर लिव्हर सुधारतं, नाहीतर काहींचं कायमचं बिघडतं, हेही सांगितलं. स्वतःवर मी भलतीच खूश होते.

"खाता काय तुम्ही?" मी आता विचारलं.

मालतीबाईंनी बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली. "सगला पथ्यानं. तेल बंद, हलद बंद. नुसता भात नी मीठ. सकालसंध्याकाल उसाचा रस, दोन-दोन गिलास, स्टेशनजवलच्या रसवंतीतून. मदी गुलकोजचं पानी. नी चालना एकदम बंद. खाटेवरून उतरू देत नाय मी त्यांना."

"अहो, हे काविळीचं पथ्य!" मी टेबलावर हात आपटला. "कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

"आता लिवरला दुसरा कंचा पथ्य अस्तं?" त्या गोंधळल्या. "तुमीच लिवलाव ना, पथ्य करा म्हनून."

"मना गोड आवडत पन नाय, डॉक्टरीनबाय," धर्मराजभाऊ हळूच म्हणाले. "नाक दाबून पितो."

मी त्यांच्या हातातला माझाच कागद ओढला. 'वजन कमी करा. पथ्य सांभाळा. तीन महिन्यांनी या.' पथ्य या शब्दाखाली दोन रेघा. कसलं पथ्य, एक अक्षर नाही. सहा किलो मीच चढवले होते. लिव्हर म्हटलं की इथं घराघरात उसाचा रस येतो, हे मला शेंबड्या पोरानं सांगितलं असतं. माझ्या आईनं मला काविळीत दुसरं काय पाजलं होतं? इतका संताप आला, आणि काढायचा कुणावर? एखादी गोळी तरी असती, लिहून मोकळी झाले असते. पण या दुखण्याला गोळीच नव्हती.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "रस बंद, ग्लुकोज बंद. भात एक मूद. मासे खा, पण तळलेले नकोत, कालवणातले. आणि चालायचं. रोज पाऊण तास, दम लागेपर्यंत."

"म्हंजे न पिता पन पोटात पानी होतं?"

आवाज बाकावरून आला. पोपटभाऊंची बायको गोजराबाई, धर्मराजभाऊंची वहिनी. बीपी तपासायला बरोबर आली होती, मी तिला विसरलेच होते.

"होऊ शकतं," मी सांभाळून म्हणाले. "क्वचित. खूप वर्षं दुर्लक्ष झालं तर."

"ते पन असंच व्हते. जाडे. गोड खानारे." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मी घरभर बाटली शोधायची. माल्यावर, गवताखाली. ते बोलायचे, गोजरा, नाय गो पीत. मरायच्या दिवशी पानी मागलं, तवा पन मी पयला तोंड हुंगलं त्यांचं."

मग ती उठून टेबलापाशी आली.

"डॉक्टरीनबाय, ते पीत नव्हते असा कागदावर लिवून द्याल?"

मला रडू आलं, आणि रागही. त्या माणसाला मी कधी तपासलंच नव्हतं. ना रिपोर्ट, ना काही. काय लिहून देणार होते?

"नाही देता येणार, गोजराबाई. त्यांचं मला काहीच माहीत नाही."

मी नवा कागद घेतला आणि धर्मराजभाऊंचं सगळं सविस्तर लिहिलं. काय खायचं, काय नाही, किती चालायचं. आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात: 'धर्मराज घरत. हे दारू पीत नाहीत. लिव्हरचा हा आजार दारूशिवायही होतो.' वाचूनही दाखवलं.

धर्मराजभाऊंच्या आधी गोजराबाईनंच कागद घेतला. तिला वाचता येत नव्हतं. पहिल्या ओळीवर बोट ठेवून तिनं विचारलं, "यात घरत कुटं लिवलंय?"

मी दाखवलं.

"येवढाच दुसऱ्या कागदावर काढून द्या मना," ती म्हणाली. "घरत. पीत नाहीत. बस."

मी पेन उचललं आणि लिहून दिलं.