मेंढपाळाची काठी, अंदाजे १९२०

आबांनी बारामतीला येऊन राहावे, यासाठी मी तीन वर्षे प्रयत्न करत होतो. आई गेल्यापासून ते सांगवीत एकटेच होते. वय एक्क्याऐंशी, हृदयाच्या एका धमनीत अडथळा, आणि हाकेच्या अंतरावर फक्त शेजारच्या द्वारकाबाई, त्याही सत्तरीच्या. आमच्या नव्या घरापासून रुग्णालय सात मिनिटांवर होते. सांगवीहून, गाडी मिळण्याचा वेळ धरून, पन्नास मिनिटे लागत. दोन्ही वेळा मी घड्याळ लावून मोजल्या होत्या. हे आकडे सांगितल्यावर माझे वडील, जे स्वतः चाळीस वर्षे प्राथमिक शिक्षक होते, एवढेच म्हणाले, "आधी घर बघतो. मग सांगतो."

घर सजवण्याचे काम प्रगतीने अंगावर घेतले होते. माझी मुलगी पुण्यात गृहसजावटीचे शिकली आहे आणि तिला यंत्रावर झालेली कोणतीही वस्तू घरात नको होती. आजोबांच्या सांगवीच्या घराला ती 'सरकारी दवाखाना' म्हणे: ट्यूबलाइट, स्टीलची मांडणी, प्लास्टिकच्या चार खुर्च्या, ऑइलपेंटच्या भिंती. आमच्याकडे तिने जात्यावर काच ठेवून चहाचे टेबल केले, बांबूच्या कणगीत दिवा बसवला, एका घोंगडीला चौकट करून ती भिंतीवर लावली. माल इंदापूरच्या झुंबरशेठकडून येई. तो गावोगावच्या भंगारवाल्यांकडून जुन्या वस्तू गोळा करतो.

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. जुने म्हणून जे विकले जाते त्यावर माझा विश्वास नाही, म्हणून खरेदीला मी भिंग आणि मोजपट्टी घेऊन जात असे.

"सर, ही पेटी शंभर वर्षांची हाय," झुंबरशेठ म्हणे.

"शंभर वर्षांपूर्वी अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू नव्हते, झुंबरशेठ."

"मग पन्नासची धरा. आन् लई वाकून बघू नका, तिला लाज वाटती."

त्याच्या सगळ्या मालात माझ्या परीक्षेला पूर्णपणे उतरलेली वस्तू एकच होती, एक काठी. एकशे साठ सेंटीमीटर लांब, खाली हातघडीचे लोखंडी टोपण, त्याचे खिळे चौकोनी छेदाचे, वरच्या टोकाला पितळेचे पाच घुंगरू आणि सहाव्याची रिकामी कडी. लाकडावर दोन जागी हाताची झीज होती: एक जमिनीपासून एकशे बारा सेंटीमीटरवर, दुसरी एकाहत्तरवर. झुंबरशेठ म्हणाला, मेंढपाळाची असेल. मला ते पटले. वरची झीज चालणाऱ्या माणसाच्या मुठीची, खालची मेंढ्या चरत असताना बसलेल्या माणसाच्या मुठीची. दोन्ही निरीक्षणे एकाच स्पष्टीकरणात बसत होती. प्रगतीने काठीसाठी लाकडी बैठक करून घेतली आणि मी सांगितलेला मजकूर पितळेच्या पाटीवर कोरून त्या बैठकीवर बसवला: मेंढपाळाची काठी, अंदाजे १९२०.

आबा एका रविवारी सकाळी आले. हातात कापडी पिशवी, तीत दोन दिवसांचे कपडे आणि औषधे. दोन दिवसांचे कपडे पाहून मला बरे वाटले.

"जयभीम, मास्तर," अनिता म्हणाली. माझी पत्नी सासऱ्यांना लाडाने मास्तर म्हणते.

"जयभीम, पोरी. बसायला खुर्ची हाय का, का तीबी कुणाच्या माळ्यावरनं आणायची हाय?"

सगळे हसले. आबांनी जात्याच्या टेबलावरून चहा घेतला, काचेखाली वाकून पाहिले. मग ते उठून काठीपाशी गेले. पाटीवरच्या अक्षरांखाली बोट फिरवत त्यांनी ती वर्गात वाचावी तशी मोठ्याने वाचली.

"साल बरोबर असंल," ते म्हणाले. "नाव चुकलंय."

"मग काय आहे?"

"घुंगरकाठी."

शब्द मला ठाऊक होता. पुस्तकांत तो मी अनेकदा वाचला होता आणि एका व्याख्यानात वापरलाही होता. वस्तू मात्र मी कधी पाहिली नव्हती, आणि पुस्तकांत तिची मापे दिलेली नव्हती. प्रगतीला शब्दही ठाऊक नव्हता. ती माझ्याकडे पाहू लागली.

"आपल्या माणसांनी गावकीची कामं करताना हातात धरायची काठी," आबांनी तिला सांगितले. "येसकर, म्हंजे वेशीची राखण करणारा, येतोय हे लांबनं कळावं म्हणून घुंगरं."

त्या क्षणी मी गप्प बसायला हवे होते. मी विचारले, "मग खालची झीज कशाची?"

आबांनी उत्तर दिले. विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे, ही त्यांची सवय.

"संध्याकाळी भाकरीला जायचं. दारापुढं काठी आपटायची. घुंगरं वाजली की आतनं बाई यायची, वरनं टाकायची. झेलायला घोंगडी धरावी लागती, दोन्ही हातांनी. मग काठी कोण धरणार? पोरगं."

"तुम्ही?"

"बारा वर्षांचा होईस्तोवर."

"पण एका मुलाच्या हाताने लाकूड एवढे झिजत नाही, आबा."

"एक कसं असंल? बाप हुता तोबी आधी पोरगंच हुता की. त्याचा बापबी."

प्रगतीने हळूच विचारले, "आजोबा, तुम्ही हे कधीच का सांगितलं नाहीत?"

"चाळीस वर्षं पोरांना शिकवलं. येवढी एक गोष्ट घरात शिकवायची न्हाय असं ठरवलं हुतं." ते किंचित हसले. "जमलं म्हणायचं."

मी काठी बैठकीतून उपसली. आत्ता जाळून टाकतो, असे काहीतरी म्हणालो.

"ठेव खाली," आबा म्हणाले. "आमची आमी छप्पन साली जाळली, चावडीपुढं. ती आमची हुती. ही माझ्या बापाची न्हाय. कुणाच्या बापाची हाय ते तुला ठाव न्हाय, आन् तू जाळणार? पाटी तेवढी बदल."

दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी पिशवी उचलली.

"घर चांगलं हाय. उजेड हाय. पण मला सांगवीला सोड."

"आबा, हे सगळे सामान आजच काढतो."

"काढशील. मी हाय तोवर काढशील. पण तुला ते आवडलंय रं. त्यात तुझं काय चुकलं न्हाय. ते जातं, ती घोंगडी घरातनं बाहेर काढायला तुझ्या आईला आन् मला निम्मं आयुष्य लागलं. आता ह्या वयात पुन्हा त्याच्याशेजारी बसायचं म्हंजे..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही. आयुष्यभर मुलांकडून पूर्ण वाक्ये लिहून घेणारे ते गृहस्थ होते.

मी त्यांना सोडून आलो. ट्यूबलाइट लावून ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि पंखा तीनवर करायला सांगितला. खोलीत वयाने माझ्यापेक्षा मोठी अशी एकही वस्तू नव्हती, त्यांच्याखेरीज. हे माझ्या तेव्हा प्रथम लक्षात आले.

पाटी बदलणे हे पाच मिनिटांचे काम होते. मी मजकूर करायला बसलो. 'येसकराची घुंगरकाठी' लिहिले, तर त्यात मूल येत नव्हते. मूल घातले, तर कोणाच्या दारात आणि कशासाठी, हेही लिहावे लागत होते. ते लिहिले, तर मजकूर पाटीत मावेना. अचूकतेसाठी मी सहा मसुदे केले आणि प्रत्येक खोडला. आबा दर रविवारी फोनवर विचारत, "पाटी बदलली का?" मी म्हणे, करतोय. पाचव्या रविवारी त्यांनी विचारले नाही.

दरम्यान मी परीक्षेच्या कामासाठी बाहेरगावी असताना प्रगतीने जाते, कणगी, घोंगडी, काठी, सगळे झुंबरशेठच्या टेम्पोत भरून परत पाठवले. काठी बैठकीसह गेली. प्रगतीला ती डोळ्यांसमोर नको होती. पाटीचे तिच्या ध्यानात आले नाही. मोकळ्या भिंतींचा फोटो मी आबांना पाठवला. "छान," असे त्यांनी लिहिले. या आता, असे मी लिहिले. त्याला उत्तर आले नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी द्वारकाबाईंचा फोन आला. "सर, आबा उठंनात."

रुग्णालयात पोहोचायला त्रेपन्न मिनिटे लागली. डॉक्टर म्हणाले, पहिल्या तासात आणले असते तर काही करता आले असते. हे पहाटे कधीतरी झाले आहे. एका घटनेवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. हे वाक्य मी वर्गात दरवर्षी सांगतो आणि ते बरोबर आहे. आमच्या घरातही पहाटे आम्ही झोपलेलेच असतो. पण बंद दाराआडच्या खोकल्याने मला जाग येते, हेही निरीक्षण आहे.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मी इंदापूरला गेलो. झुंबरशेठने काठी केव्हाच विकली होती.

"ती कुठल्या गावची होती?"

"भंगाराच्या गाडीतनं आली, सर. काठीला गाव असतंय व्हय?"

"आणि पाटी?"

"पाटीमुळंच तर लगेच गेली. प्रोफेसरांनी तपासलेली म्हटलं की माणूस घासाघीस करत न्हाय."

त्याने काठी ज्याला विकली ते हायवेलगतचे हॉटेल मला सापडले. बाहेर बैलगाडीचे चाक, आत माझ्या ओळखीची कणगी, आणि फोटो काढण्यासाठी केलेल्या कोपऱ्यात, सारवलेल्या भिंतीपुढे, काठी. मी मॅनेजरला सांगितले की पाटीवरचा मजकूर चुकीचा आहे.

"कसं काय, सर? प्रोफेसरांनी लिहून दिलंय."

"तो प्रोफेसर मीच."

तो हसला. "मग झालंच की. तुमीच लिवलं, आता तुमीच चूक म्हणता. बरं, काय हाय ही?"

मी तोंड उघडले. माझ्याजवळ सहा मसुदे होते. त्याने क्षणभर वाट पाहिली आणि टेबल क्रमांक नऊचे बिल करायला वळला.

तेवढ्यात जेवून उठलेले एक कुटुंब फोटोसाठी कोपऱ्यात आले. त्यांच्यातली सात-आठ वर्षांची मुलगी पुढे झाली आणि तिने काठी धरली. तिची मूठ खालच्या झिजेवर पडली. दुसरीकडे कुठे पडणार? त्या उंचीच्या हाताला तीच जागा सोयीची असते.

"वाजव की," तिची आई फोन समोर धरून म्हणाली.

मुलीने काठी फरशीवर आपटली. पाचही घुंगरू वाजले आणि आतून वाढप्या कोणाला काय हवे ते पाहायला बाहेर आला.