एकेरी रस्त्यावरचं दुकान

चामराजपुरममधला तो रस्ता एकेरी झाला आणि बसगाड्या निवृत्तीच्या दुकानावरून जायला लागल्या, तेव्हा त्याच्या बायकोला, तुळसीला, आनंदच झाला होता. नवरा पांढरे झब्बे शिवण्यात पटाईत. वर्दळ वाढली म्हणजे गिऱ्हाईक वाढणार, एवढंच तिला कळत होतं. मग दुकानासमोर रिक्षांचा थांबा झाला. तिथं तिचा धाकटा भाऊ चिदंबरही रिक्षा लावू लागला.

वर्षभरात सकाळी टांगलेला झब्बा दुपारपर्यंत करडा दिसायला लागला. पाठोपाठ निवृत्तीला खोकला जडला. शिवता शिवता त्याचे पाय थांबायचे, आणि मशीनवर हात टेकून तो बराच वेळ दम खात राहायचा.

“विडी किती ओढता?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“अय्यो, सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात नाही ह्यांच्या,” तुळसी म्हणाली.

“मग रस्त्याचा धूर आहे. जागा बदला.”

तीस वर्षं लोक ज्या दाराशी माप द्यायला येत होते, ते दार उचलून कुठे न्यायचं?

तुळसीनं धुराबद्दल अर्ज लिहून घेतला आणि गाड्या तपासणाऱ्या कचेरीत गेली. भांडायच्या तयारीनंच गेली होती. पण तिथले अधिकारी नरसिंहमूर्ती यांनी तिला बसवलं, पाणी मागवलं, अर्ज दोनदा वाचला.

“अम्मा, तपासणीपुरत्या गाड्या नीट करून आणतात. पास होतात. बाहेर पडल्यावर टाकीत काय ओततात, ते मी कुठे कुठे बघू? एन माडोदु, काय करायचं, तुम्हीच सांगा.”

तुळसी नमस्कार करून उठली.

संध्याकाळी तिनं चिदंबरला गाठलं. “तू काय ओततोस रे टाकीत?”

त्यानं मान खाली घातली. “रॉकेल मिसळतो, अक्का. सगळेच मिसळतात. नुसत्या पेट्रोलवर तीन पोरींचं पोट कसं भरू? आणि मी एकट्यानं सोडलं तर भावोजींचा खोकला जाईल?”

त्या पोरींचे परकर तुळसीनंच शिवले होते. 

शेवटी तिनं निवृत्तीला डोंगराच्या पायथ्याच्या बेट्टदपुरला, त्याच्या बहिणीकडे, कावेरीकडे पाठवलं. पंधरा दिवसांत निरोप आला: दादा शांत झोपतो, परवा डोंगराच्या अर्ध्या पायऱ्या चढला. तुळसीच्या जिवात जीव आला. आणि महिना भरायच्या आत निवृत्ती पिशवी घेऊन दारात उभा!

“अहो, का आलात?”

“तिथं कोण झब्बा शिवून घेतंय? सकाळी उठून हात मांडीवर ठेवून बसायचं. बहिणीची भाकरी गिळवत नाही गं.” एवढं बोलून तो मशीनवर बसला. आठवड्यात खोकला परत आला, आणि ह्या वेळी थुंकीत काळं दिसू लागलं.

चिदंबरनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, “अक्का, मी गोकुलमच्या थांब्यावर जातो. परदेशी लोक असतात तिकडे, भाडी मिळतील. निदान माझा धूर तरी नको भावोजींना.”  तुळसीनं त्याला नको म्हटलं नाही.

तो गेला. तासाभरात त्याच्या जागी दुसरी रिक्षा येऊन उभी राहिली, घरघरत.

तुळसी पायरी उतरून रिक्षावाल्याकडे गेली. “यजमान, आत माणूस आजारी आहे. इंजीन बंद करता का?”

चालक वयस्कर होता. “तप्पायितु अम्मा, चुकलं,” म्हणत त्यानं लगेच किल्ली फिरवली. त्या शांततेत तिला आतला खोकला स्पष्ट ऐकू आला. तेवढ्यात मागून बस आली. रस्ता अडला म्हणून बसवाल्यानं भोंगा वाजवला, आणि रिक्षावाल्याला रिक्षा पुन्हा चालू करून पुढे घ्यावी लागली.

तुळसी नाकाला पदर लावून आत आली आणि नवऱ्यासाठी पाणी ओतायला लागली.