दोन डाव्या बाजू

शशी सोमवारी कायमचा पुण्याला परतणार होता. त्यामुळे आमचा रणगाडा त्या शनिवारी दुपारी, इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकच्या माझ्या गॅरेजमध्ये चालायलाच हवा होता.

रणगाडा म्हणजे हातभर लांबीची प्रतिकृती. मूळ यंत्र स्वीडिश, दोन महायुद्धांमधल्या काळातले, हलके. रस्त्यावर ते चार चाकांवर धावे. चिखल लागला की चाके वर उचलून साखळीपट्ट्यांवर उतरे. टेक्निकल कॉलेजच्या वाचनालयात आम्ही त्याचे चित्र पाहिले आणि चाळीस वर्षे ते आमच्या मनात संथपणे चालत राहिले.

शशी लंडनमध्ये एजवेअरला राहतो, म्हणून कामाची वाटणी केली होती. चाके, पट्टा व मोटर यांसह डावी बाजू माझी, उजवी त्याची. ड्रॉइंगमध्ये एकच बाजू होती. दुसरी आरशात दिसते तशी उलटी करायची.

त्याने पंच्यातून आपली बाजू काढून माझ्या बाजूशेजारी ठेवली. दोन्ही डाव्या होत्या.

शशी खाली बसला. "पद्या, चूक माझी आहे."

एकच वस्तू कागदावर मांडण्याच्या दोन पद्धती आहेत. शशीने दुसरी गृहीत धरल्याने त्याला डावी बाजूच उजवी भासली आणि त्याने ती न उलटवता तशीच बनवली. पद्धत दाखवणारी छोटी खूण कोपऱ्यात असते. प्रत मी काढली होती; खूण उतरवायची राहून गेली होती.

"तुझ्या एकट्याची नाही," मी कोपरा दाखवला.

"मग तपासलं कोणी?"

"तू. सही बघ."

चहा घेऊन आलेली माझी बायको सुप्रभा म्हणाली, "अहो, दोन इंजिनिअर आणि उजवं-डावं कळेना?"

आम्ही दोन्ही बाजू तशाच जोडल्या, त्याची पुढचे टोक मागे करून. कळ दाबताच एक बाजू पुढे निघाली, दुसरी मागे. रणगाडा कामाच्या बाकावर जागच्या जागी, पाण्यातल्या पानासारखा, हळूहळू फिरू लागला. मी दुसरी कळ दाबली. चाके अलगद उचलली गेली, पट्टे टेकले; फिरणे चालूच.

"एका मोटरच्या तारा उलट जोड," शशी हळूच म्हणाला, "सरळ जाईल."

दोन मिनिटांचे काम होते. मी स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

"सरळ गेला तर बाकावरून पडेल," मी म्हणालो आणि स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

शशीने खुर्ची जवळ ओढली. चहावर साय धरली.